खोलणे सोपे, बांधणे अवघड

आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांत आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांत जुन्या टर्बो मोटारींचे वेड शिरले आहे. पुण्याहून किंवा हैदराबादहून एखादी दमलेली गाडी पडेल भावात आणायची, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचे इंजिन खोलायचे, नवे पिस्टन-रिंग घालायचे आणि कंपनीने दिली होती त्याहून जास्त ताकद काढायची, असा हा बेत असतो. पालकांच्या दृष्टीने यात पैशाचा चुराडा, अभ्यासाचे नुकसान आणि जिवाला घोर यांखेरीज काही नाही. "डॉक्टर-इंजिनीअर व्हायचे सोडून मिस्त्रीगिरी कशाला?" हा प्रश्न तर घरोघरी ऐकू येतो.

या वादात आमचे मत दोन्ही बाजूंना थोडे खटकेल. मुलांनी गाडी जरूर खोलावी, पण ताकद वाढवण्याचा विचार सर्वांत शेवटी करावा. पालकांनी मुलांच्या हाताला लागलेल्या ग्रीसची लाज बाळगू नये, पण अटी मात्र कडक घालाव्यात. आणि शाळेने या दोघांच्या मध्ये उभे राहून एक काम अंगावर घ्यावे. ते कोणते, हे शेवटी सांगतो.

प्रथम या गाड्यांविषयी. त्या काही परक्या मुलखातून आलेल्या नाहीत. २००४ साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस ही १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, सुमारे १५० अश्वशक्तीची गाडी आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यात जोडली जात असे. २०१० साली आलेली फियाट लिनिया टी-जेट आणि २०१५ सालची अबार्थ पुंटो या दोन्ही पुण्याजवळच्या रांजणगावच्या. आज या गाड्यांचे उत्पादन बंद आहे. नव्या होत्या तेव्हा आपल्यापैकी फार थोड्यांना परवडल्या असत्या. आता जुन्या बाजारात त्या आवाक्यात आल्या आहेत, म्हणूनच मुलांची नजर त्यांच्यावर गेली आहे.

टर्बो म्हणजे काय, हे पालकांनीही समजून घेण्यासारखे आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरात बरीच शक्ती वाया जाते. त्या धुरावर एक छोटी चक्री फिरवायची आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या चक्रीने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, अशी ही योजना. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते, आणि त्यातून जास्त ताकद. आपले बिदरचे पठार समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ७ टक्के कमी असतो. साध्या इंजिनाची तेवढी ताकद कमी होते, टर्बो मात्र ती तूट भरून काढतो. १९१८ साली अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचे टर्बो लावलेले इंजिन पाइक्स पीक या ४३०० मीटर उंचीच्या डोंगरावर नेऊन चालवले, ते हेच सिद्ध करण्यासाठी. रोज डोक्यावरून हवाई दलाची विमाने जाताना पाहणाऱ्या बिदरच्या मुलांना विरळ हवेचा हा धडा लवकर पटावा.

पण ही चक्री साधी नव्हे. भर वेगात ती मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. तिचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, आणि दांडा व बेअरिंग यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांची असते. तेल जुने किंवा घाण असले, अथवा तेलाची बारीक नळी तुंबली, की ती जागच्या जागी खलास होते. गाडी जोरात पळवून आणून लगेच बंद केली तर लाल झालेल्या टर्बोत अडकलेले तेल जळून काजळीसारखे चिकटते. म्हणून जुनी टर्बो गाडी घेताना आधी तिच्या तेलाचा इतिहास विचारावा, रंगाची चमक मागाहून पाहावी.

आता इंजिन बांधण्याविषयी. आपल्याकडचे जुने मिस्त्री सांगतात, की खोलणे कुणालाही जमते, बांधणे ज्याचे त्यालाच. खोलायला एक दुपार पुरते. बांधण्यासाठी मात्र प्रत्येक नट-बोल्ट कुठला, याची चिठ्ठी लावलेली पाहिजे. सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली, तोही आडवा-उभा अशा दोन दिशांनी मोजावा लागतो, कारण तो सगळीकडे सारखा झिजत नाही. रिंग सिलिंडरमध्ये बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने पाहावी लागते. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, ठरल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळावे लागतात. पुष्कळ नव्या इंजिनांत हे बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरायचे नसतात. टायमिंग बेल्ट चुकीच्या खुणेवर बसला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात आणि महिन्याभराची मेहनत एका क्षणात जाते. येथे "अंदाजे" हा शब्द चालत नाही. परीक्षेत एका चुकीचा एक गुण जातो, इंजिनात एका चुकीने सगळेच गुण जातात. ही शिस्त ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या अंगी बाणली, ती पुढे शस्त्रक्रियागृहात गेली काय किंवा हिशेबाच्या वह्यांत गेली काय, कामाला येईलच. म्हणून अभ्यासाच्या नुकसानीची तक्रार आम्हांस पूर्णपणे मान्य नाही.

मात्र 'अपग्रेड' या शब्दाशी आमचे भांडण आहे. मुलांच्या लेखी त्याचा अर्थ एकच, टर्बोचा दाब वाढवणे. संगणक जोडून इंजिनाच्या मेंदूतला नकाशा बदलला की अर्ध्या तासात ताकद वाढते, हे खरे. पण दाब वाढला की त्या प्रमाणात इंधन वाढले पाहिजे, नाहीतर मिश्रण कोरडे पडते, इंजिन आतून ठोके देऊ लागते आणि पिस्टनला भोक पडते. इंधन पुरले तर क्लच घसरतो. क्लच टिकला तर गिअरपेटी कुरकुरते. आणि हे सगळे निभावले तरी ती गाडी थांबवायची कशी, हा प्रश्न उरतोच.

कंपन्या हे काम कसे करतात ते पाहा. लिनिया टी-जेटमधले १.४ लिटरचे इंजिन ११४ अश्वशक्ती देत असे. त्याच जातीचे इंजिन अबार्थ पुंटोत १४५ अश्वशक्तीचे झाले. पण पुंटोच्या छोट्या शरीरात ते बसवताना कंपनीने गाडी जमिनीला जवळ आणली, स्प्रिंगा कडक केल्या आणि मागच्या चाकांनाही ड्रमऐवजी डिस्क ब्रेक दिले. ताकद वाढवायची तर थांबण्याची सोय आधी, हा त्यातला धडा.

नववीच्या विज्ञानात गतिज ऊर्जा शिकवतात. वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर आणि उत्तम टायरवर ताशी ६० किलोमीटरने धावणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरांत थांबते. ताशी १२० असेल तर त्यासाठी ८० मीटर लागतात. शिवाय पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात ती आणखी ३३ मीटर पुढे गेलेली असते. हुमनाबादच्या किंवा आळंदच्या रस्त्यावर उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली रात्री किती अंतरावरून दिसते, हे आपण सर्व जाणतो. हे गणित ज्याने वहीत सोडवले नाही, त्याच्या हाती वाढलेली ताकद देऊ नये.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपत्रातली माहिती कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ कलमात मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर १९९-अ कलमाखाली पालकाला किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपण सीमेवरचे लोक. लातूरची एमएच-२४ किंवा धाराशिवची एमएच-२५ पाटी घेऊन आलेली गाडी बिदरची केए-३८ किंवा कलबुर्गीची केए-३२ करायची तर तिकडचा ना-हरकत दाखला आणि इकडचा कर हवा. पंधरा वर्षांहून जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, ती वेगळीच. स्वस्त गाडीचा खरा भाव हे सारे मिळवून मग काढावा.

इंधनाचीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. आपल्या भालकी-हुमनाबादकडच्या शेतकऱ्याला उसामुळे त्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण वीस वर्षांपूर्वीच्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी केलेल्या नव्हत्या. इंजिन बांधताना त्या बदलणे, ही दाब वाढवण्यापेक्षा कितीतरी मोलाची सुधारणा ठरते.

पालकांनी घरी घालायच्या अटी आम्ही अशा सुचवतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली मजबूत स्टँड हवेतच. बंद शेडमध्ये इंजिन सुरू करू नये. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. पेट्रोलच्या नळीला हात लावण्याआधी बॅटरीची तार काढावी आणि अग्निशामक जवळ असावा. काम एकट्याने करू नये. उतरवलेले काळे तेल डब्यात साठवून भंगारवाल्याला किंवा गॅरेजला द्यावे. बिदरची जमीन जांभ्या दगडाची, सच्छिद्र. बहामनी काळात याच दगडातून नौबादचे कारेझ, म्हणजे भुयारी पाट, खोदून पाणी आणले गेले. त्या जमिनीत ओतलेले तेल शेवटी कुणाच्या तरी विहिरीत उतरणार. आणि सगळ्यांत महत्त्वाची अट अशी, की ब्रेक, टायर आणि स्टिअरिंग नवे झाल्याशिवाय इंजिनाच्या ताकदीचे नावही काढायचे नाही.

आता शाळेकडे वळतो. विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की मागची रिकामी खोली दर शनिवारी दुपारी या कामासाठी द्यावी. तेथे टर्बो गाडी नको. मारुती ८०० चे एक जुने तीन सिलिंडरचे इंजिन स्टँडवर पुरे. त्याचे सुटे भाग स्वस्त आहेत आणि ते उघडणारे हात गावोगाव आहेत. भंगारातून आणलेला डिझेल जीपचा एक निकामी टर्बो कापून ठेवावा, म्हणजे आतली चक्री सर्वांना दिसेल. एक व्हर्नियर, एक मायक्रोमीटर, एक टॉर्क पाना आणि फिलर गेजचा एक संच एवढी सामग्री लागेल. गावातल्या एखाद्या अनुभवी मिस्त्रींना मानधन देऊन, 'सर' म्हणून बोलवावे. मुलांइतक्याच मुलींनाही त्यात जागा असावी.

विश्वस्तांच्या मनात दोन शंका येतील. पहिली, दहावीच्या निकालाचे काय? आठवड्याचे दोन तास, तेही विज्ञानाचेच प्रात्यक्षिक. दुसरी, मराठी शाळेने हे का करावे? याचे उत्तर आमच्या मते आपल्या सीमाभागातच आहे. घरी मराठी, कचेरीत कानडी, गॅरेजात दखनी आणि इंजिनाचे पुस्तक इंग्रजीत, असे आपल्या मुलांचे जग आहे. मुलांनी एका वहीत प्रत्येक भागाचे नाव या चारही भाषांत लिहून काढले, तर ती वही म्हणजे या शाळेचे स्वतःचे पाठ्यपुस्तक होईल. शिवाय मराठी शिक्षकाने हातात पाना धरण्याची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले होते, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्यांना आज कुणी मिस्त्री म्हणून हिणवत नाही.

आज आपल्या मुलांना गाडीचे ज्ञान मिळते ते मोबाइलवरच्या चित्रफितींतून. त्यांत इंजिन दहा मिनिटांत बांधून होते, मोजमाप कापलेले असते आणि गाडी थांबताना कधीच दाखवत नाहीत. मुले घरामागच्या शेडमध्ये इंजिन खोलणारच आहेत. ती न मोजता खोलतील की मोजून, एवढेच आपल्या हातात आहे. येत्या जूनच्या आत त्या खोलीची किल्ली मिळाली, तर जुने इंजिन आणून देणारे पालक आपल्यातच निघतील, याची आम्हांस खात्री आहे.