पोटाखालची फळी

घरापर्यंतची वाट नीट असेतोवर तिची आठवण कोणालाही होत नाही. ती बिघडली, आणि त्यातच घरात कोणी आजारी असले, म्हणजे मात्र तिच्यातला प्रत्येक खड्डा माणसाला पाठ होतो. २०२३ च्या एप्रिल महिन्यात अशाच एका वाटेची दुरुस्ती करण्याचा योग आम्हांला आला. वाट आपल्याकडची नव्हे. आमचा भाचा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात सहकुटुंब राहतो, त्याच्या दारची. परंतु त्या कामात आम्ही जी चूक केली आणि जो धडा घेतला, तो वाचकांच्या कानी घालावा असे वाटल्यावरून हे चार शब्द.

भाच्याचे घर गावाबाहेर आहे. हमरस्त्यापासून खडी-मुरमाची एक वाट आधी त्याच्या दारावरून जाते व तशीच पुढे उताराने एका वृद्ध दांपत्याच्या घराशी संपते. तिकडे हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. वसंतात ती वितळू लागली की वरचा थर चिखलासारखा मऊ होतो आणि मोटारींच्या चाकांनी त्यात चाकोऱ्या व खड्डे पडतात. शेजारच्या आजीबाईंचे मूत्रपिंड निकामी झाले होते. रक्तशुद्धीसाठी त्यांना आठवड्यातून तीनदा रुग्णालयात न्यावे लागे. त्यांची मोटार त्या वाटेवरून किती सावकाश, किती जपून जाते, हे आम्ही खिडकीतून पाहत असू.

भाच्यापाशी १९६० नंतरच्या दशकातील एक छोटा ट्रॅक्टर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत शहरांच्या कडेने मोठमोठ्या अंगणांची घरे उभी राहिली. शेतीचा ट्रॅक्टर तेथे फार मोठा पडे आणि गवत कापण्याचे ढकलयंत्र फार लहान. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक कारखान्यांनी बागेचे ट्रॅक्टर काढले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१ साली आला, तर जॉन डीअरचा ‘११०’ हा १९६३ साली. दोहोंनाही आरंभी कोहलर कंपनीचे एका सिलिंडरचे, अवघ्या ७ अश्वशक्तीचे इंजिन होते. पण ते ओतीव लोखंडाचे, आणि सांगाडाही चांगला जाड पोलादाचा. त्यामुळे साठ वर्षे उलटल्यावरही असे कितीतरी ट्रॅक्टर हौशी लोकांनी चालू ठेवले आहेत. त्यांना गवतकापणीचे यंत्र, नांगर, बर्फ ढकलण्याची फळी अशी निरनिराळी अवजारे जोडता येतात. त्यांतीलच एक म्हणजे माती सारखी करणारी पोलादी फळी, म्हणजेच ग्रेडरचे ब्लेड. आपल्याकडे बैलांच्या मागे केणी लावून शेत सपाट करीत, त्याच जातीचे हे काम.

भाच्याच्या ट्रॅक्टरला पुढच्या बाजूस बर्फाची फळी जोडलेली होतीच. “मामा, वेगळी फळी कशाला? हीच खाली टेकवू आणि वाट सपाट करू,” असे तो म्हणाला, आणि आम्हीही मान डोलावली. दोन तास खपून आम्ही वाट खरवडली. कडेला मातीचा नीटस बांध पडला. लांबून पाहता काम फार सुबक दिसले. दुसऱ्या दिवशी मोटार त्यावरून गेली तेव्हा कळले, की वाट पन्हाळी पत्र्यासारखी झाली आहे. तिसऱ्या दिवशी पाऊस झाला. कडेच्या बांधामुळे पाण्याला बाहेर पडण्यास जागा राहिली नाही. ते वाटेवरूनच ओढ्यासारखे वाहत उताराने थेट शेजाऱ्यांच्या दारात जाऊन साचले. त्या दिवशी आजीबाईंना रुग्णालयात जावयाचे होते. त्यांच्या यजमानांनी रबरी बूट घालून, त्यांना हाताला धरून, घोटाभर पाण्यातून मोटारीपर्यंत नेले. आम्हांला तोंड लपवावेसे झाले.

संध्याकाळी क्षमा मागण्यास गेलो, तर ते गृहस्थ रागावले नाहीत. ऐन उमेदीची कित्येक वर्षे त्यांनी तेथील ग्रामभागाच्या रस्त्यांवर मोठा ग्रेडर चालविला होता. त्यांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : मोठ्या ग्रेडरची फळी कोठे असते? आम्ही विचार केला. ती पुढे नसते, मागेही नसते; पुढच्या व मागच्या चाकांच्या मधोमध, यंत्राच्या पोटाखाली असते.

याचे कारण त्यांनी कागदावर रेघा ओढून समजावले. पुढची चाके एखाद्या उंचवट्यावर एक इंच चढली, तर त्यांच्याही पुढे टांगलेली फळी एक इंचाहून अधिक वर उचलली जाते. चाके खड्ड्यात उतरली की ती तितकीच खोल रुतते. म्हणजे जुना खड्डा बुजण्याऐवजी पुढे नवा खड्डा तयार होतो. चाके पुन्हा त्यात उतरतात, आणि लाटेमागून लाट उठते. तीच फळी दोन्ही चाकांच्या मध्यावर टांगली, तर पुढची चाके एक इंच चढली असता ती सुमारे अर्धा इंचच वर जाते. प्रत्येक फेरीला उंचवटा असा निम्म्याने मोडत जातो. पुढची फळी बर्फ ढकलण्यास उत्तम, ढीग सारण्यासही चांगली. पण वाट सपाट करण्याचे काम पोटाखालच्या फळीचेच.

जुन्या ट्रॅक्टरला बसणारी तसली फळी भाच्याला पुढे महिन्याभरात मिळाली, तीही जुनीच. ती बसविण्यास आम्हांला सबंध दिवस लागला. गवतकापणीचे यंत्र जेथे टांगतात त्याच जागी ती बसत असल्याने प्रथम ते यंत्र उतरविले. फळीच्या चौकटीचे पुढचे टोक सांगाड्याला खिळीने जोडावयाचे, आणि उचलण्याच्या दांड्याची सळई चौकटीला अडकवावयाची, एवढेच खरे काम. पण साठ वर्षांच्या वापराने खिळींची भोके लंबगोल झाली होती. अशा सैल भोकांत फळी थरथरते व पुन्हा लाटाच उमटविते. म्हणून त्यांत पोलादी बुश घातले. सांगाड्यावर तडे गेले नाहीत ना, हे तारेच्या ब्रशाने गंज काढून तपासले. फळीच्या खालच्या कडेला बोल्टांनी बसविलेले पाते एका बाजूने झिजले होते. ते उलटे फिरवून दुसरी धार खाली आणली. शेवटी पक्क्या फरशीवर ट्रॅक्टर उभा करून, चाकांतील हवा दोन्ही बाजूंना सारखी करून, फळी डाव्या-उजव्या अंगाला सारखीच टेकते की नाही ते पाहिले.

फळीखाली हात घालण्यापूर्वी मात्र वृद्ध गृहस्थांनी आम्हांला थांबविले. चाकांना ओट लावा, फळीखाली लाकडी ठोकळे द्या, आणि स्पार्क प्लगची तार काढून ठेवा, मगच खाली वाका, असे त्यांनी बजावले. आजच्या यंत्रांवर चालक आसनावरून उठला की इंजिन आपोआप बंद पडते. या जुन्या ट्रॅक्टरांवर तशी सोय नाही, आणि उलटल्यास माणसाला वाचविणारी कमानही नाही. म्हणून उतारावर आडवे जावयाचे नाही, मांडीवर मूल घ्यावयाचे नाही, आणि खाली उतरण्याआधी फळी जमिनीला टेकवावयाची, हे नियम त्यांनी आमच्याकडून वदवून घेतले.

मग वाटेचे काम. मुहूर्त त्यांनीच ठरविला : पावसानंतरचा दुसरा दिवस. सुकलेली वाट खरवडली तर धूळ उडते आणि खडी सुटी होते. फार ओली असेल तर चिखल होतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा इतकीच ओल हवी. मागच्या चाकांची पकड वाढावी म्हणून त्यांना वजने व साखळ्या लावल्या. गियर पहिला आणि चाल माणसाच्या पावलाहूनही धिमी, कारण पुरलेल्या दगडावर फळी जोराने आदळली तर सांगाडा वाकतो आणि चालक पुढे फेकला जातो. फळी किंचित तिरपी ठेवली, म्हणजे खरवडलेली माती एका टोकाकडून वाहत जाते. खड्डा वरून भरावयाचा नाही. त्याच्या तळापर्यंत आजूबाजूची जमीन खरवडून मगच माती पसरावयाची. नुसती वरून भरलेली माती पहिल्याच सरीने निघून जाते.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की वाट सपाट करावयाचीच नाही! कडेची माती मधोमध आणून तिला कासवाच्या पाठीचा आकार द्यावयाचा. मध्यापासून कडेपर्यंत दर फुटाला सुमारे अर्धा इंच उतार. कडेला बांध मुळीच ठेवावयाचा नाही. पाणी वाटेवर रेंगाळले नाही, तरच वाट टिकते. पहिल्या प्रयत्नात आम्ही नेमके याच्या उलट केले होते : मध्ये खोलगट, कडेला बांध. म्हणजे वाट नव्हे, पाटच खोदला होता.

एका वेळी अर्ध्या इंचाहून कमी माती कापीत आम्ही दिवसभरात वीसएक फेऱ्या मारल्या. वृद्ध गृहस्थ काठी टेकून कडेने चालत होते. अधूनमधून ते काठी आडवी धरून उतार पाहत आणि बोटाने फळी वर किंवा खाली करण्याची खूण करीत. त्याच आठवड्यात मोठा पाऊस झाला. पाणी दोन्ही अंगांना गवतात उतरले. शेजाऱ्यांचे दार कोरडे राहिले.

असो. आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांना असल्या ट्रॅक्टराशी काम पडेल. पण पावसाळ्यापूर्वी दारच्या वाटेवर मुरूम घालण्याचे काम बेळगावपासून बडोद्यापर्यंत आपल्या कितीतरी घरी निघते. तेव्हा वाट वरवर सपाट दिसली एवढ्यावर समाधान मानू नये. घागरभर पाणी तिच्या मध्यावर ओतावे, आणि ते कोणाच्या दाराकडे जाते हे पाहावे. आपल्या वाटेचे पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्याशी जात असेल, तर काम अद्याप पुरे झालेले नाही.

आम्ही परत निघालो त्या आठवड्यात शेजाऱ्यांची मोटार वाटेवरून जाताना पुन्हा पाहिली. पूर्वी आजीबाई दोन्ही हातांनी दाराची मूठ घट्ट धरून बसत. त्या दिवशी त्यांनी काच खाली केली आणि आमच्याकडे पाहून हात हलविला.