पाचवीचा उंबरठा

शाळावृत्त म्हटले की त्यात काय असावे याची एक ठरलेली यादी आहे. दहावीचा निकाल कसा लागला, वक्तृत्व स्पर्धेची ढाल कोणी आणली, फुटबॉलच्या सामन्यात कोण हरले, स्नेहसंमेलनास पाहुणे म्हणून कोण लाभले आणि कोणत्या शिक्षिका प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाल्या. फोंडा शहरातील ज्या ख्रिस्ती शाळेविषयी आम्ही आज लिहीत आहोत, तिच्यापाशीही असे वृत्त भरपूर आहे. दरवाजाजवळच्या फलकावर सुवाच्य अक्षरांत लिहिलेले ते सारे आम्ही वाचले. परंतु २०२४-२५ या शालेय वर्षात तीन वेळा त्या शाळेत जाण्याचा योग आला असता आमचे लक्ष वेधले ते फलकावर न आलेल्या एका वृत्ताने. ते पाचवीच्या वर्गातले आहे. त्यातील मुले लहान आहेत, म्हणून त्यांची वा शाळेची नावे आम्ही देत नाही.

गोव्यात प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. पाचवीला मूल हायस्कुलाच्या इमारतीत येते. नवा गणवेश, प्रत्येक विषयाला निराळे शिक्षक, तासातासाला वाजणारी घंटा आणि मधल्या सुट्टीत बचत गटाच्या बायांनी करून आणलेली पावभाजी. बांदोडा, मार्दोळ, खांडेपार, बोरी अशा गावांहून ‘बालरथ’ भरभरून येतात. सकाळी प्रार्थना होते. सिस्टर सूचना वाचतात आणि मुले रांगेने वर्गात जातात. हजेरी ऐकावी तर नाईक, गावडे आणि गावकर अधिक, फर्नांडिस आणि डायस त्यांच्या मधूनमधून. यात नवल नाही. हा अंत्रूज महाल. सोळाव्या शतकात मंगेश, शांतादुर्गा आणि म्हाळसा ही दैवते आपली मूळ स्थाने सोडून येथे आली, कारण तेव्हा येथे पोर्तुगीज अंमल नव्हता. तो आला १७६३ साली. ख्रिस्ती वस्ती येथे थोडी, आणि पाद्री-सिस्टरांच्या शाळेत शेजाऱ्यांची मुले अधिक, ही येथली जुनी रीत आहे.

आमची पहिली भेट जुलैमधली. बाहेर पावसाने झोडपून काढले होते आणि वर्गात गणिताचा तास चालू होता. बाईंनी इंग्रजीतून काही अंक सांगितले आणि मुलांनी ते वहीत लिहिले. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने ‘ट्वेंटी सेव्हन’ऐकून बहात्तर लिहिले आणि ‘फॉर्टी थ्री’ ऐकून चौतीस. मुलगा मार्दोळच्या बाजूचा, सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून आलेला. घरी जाईचे मळे आहेत. पहाटे कळ्या खुडून, वळेसर करून आई देवळापाशी विकावयास बसते आणि हिशेबाला हा मुलगा. वळेसर किती, पैसे किती, सुटे किती परत द्यावयाचे हे तो तोंडी सांगतो. मग दोन आकडी संख्या त्याची का चुकावी?

कारण साधे आहे. मराठीत आपण ‘सत्तावीस’ म्हणतो. त्यात सात आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी, सात मागून. चार वर्षे ज्या कानाला आधी एकक आणि मग दशक ऐकण्याची सवय झाली, त्याने ‘सेव्हन’ हा शेवटी आलेला शब्द दशकाच्या घरात नेऊन बसविला. हाताने कानाची आज्ञा पाळली एवढेच. अपूर्णांकांचेही तेच. अंश कोणता आणि छेद कोणता हे त्यास पक्के ठाऊक, परंतु ‘न्यूमरेटर’ आणि ‘डिनॉमिनेटर’ हे दोन अनोळखी पाहुणे वर कोण बसणार आणि खाली कोण, याचा उलगडा होईना. परिसर अभ्यासात ज्याला बिया, मुळे आणि कलमे यांचे ज्ञान आपल्या वाडीतूनच मिळालेले, तो प्रश्न विचारला की खाली मान घालून उभा राही. पहिल्या घटक चाचणीत तो गणितात नापास झाला. चार वर्षे वर्गात पहिला येणारा मुलगा दीड महिन्यात ‘मठ्ठ’ ठरू लागला होता. ‘पाचवीला पुजलेले’ हा आपल्या भाषेतला शब्दप्रयोग आम्हांस त्या दिवशी फार निराळ्या अर्थाने आठवला.

आम्ही स्वतःही हा उंबरठा ओलांडलेला आहे. आमच्या शाळेत, वर्गात मातृभाषेतील शब्द तोंडातून गेला की चार आणे दंड असे. दंड वाचविण्याचा उपाय आम्हांस लवकरच सापडला. तो म्हणजे न बोलणे. त्या वर्षी आमच्या प्रगतिपुस्तकावर ‘शांत व आज्ञाधारक’ असा शेरा आला, आणि घरच्यांना त्याचा आनंद झाला. आम्ही शांत नव्हतो. आमच्यापाशी शब्द नव्हते.

आता त्याच बाकावर बसणाऱ्या मुलीविषयी लिहावयास हवे. ती ख्रिस्ती घरातली. घरात कोंकणी, प्रार्थनेचे पुस्तक कोंकणीच पण रोमी लिपीत, आणि शिक्षण पहिलीपासून इंग्रजीतून. तिच्या आईला मात्र पहिली ते चौथी कोंकणी माध्यमातून, देवनागरी लिपीत शिकावे लागले होते. एकाच घरातील दोन पिढ्यांत हा फरक कसा पडला, हे गोव्याबाहेरील वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. १९९० साली शासनाने ठरविले की प्रादेशिक भाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच अनुदान द्यावयाचे. तेव्हा महाधर्मप्रांताच्या शिक्षणसंस्थेने आपल्या इंग्रजी प्राथमिक शाळा कोंकणीकडे वळविल्या. पाचवीपासून मात्र पुनः इंग्रजी. २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि त्या शाळा इंग्रजीकडे परतल्या. या दोन्ही निर्णयांच्या वेळी केवढी आंदोलने झाली, घराघरांत केवढे वाद झाले, हे गोमंतकीय वाचकांस सांगणे नको. त्या वादाचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. मोर्चे दोन्ही बाजूंनी निघाले. पाचवीच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या बाजूने मात्र कोणी चालल्याचे आमच्या पाहण्यात नाही, एवढेच नोंदवितो.

ऑक्टोबरमध्ये पालकसभेला आमची दुसरी भेट झाली. त्या मुलीची आई म्हणाली, “मी पाचवीत तीन महिने तोंड उघडले नाही. पोरीला तसे होऊ नये म्हणून पहिलीपासून इंग्रजीत घातली. पण आता हिंदीच्या तासाला तिचीच गत माझ्यासारखी होते. देवनागरी वाचताना अडखळते आणि रडते.” मुलाचे वडील शेजारीच उभे होते. त्यांच्या मनात मुलाला या शाळेतून काढावे असे घोळत होते. परंतु काढून घालणार कोठे? हायस्कुलात आणि पुढे महाविद्यालयात इंग्रजीच गाठावयाची, तर आज ना उद्या हा उंबरठा आहेच, असे ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते. शिकवणी लावावी तर जाईच्या मोसमावर चालणारे घर. “बाई, पोर ढ आहे काय, ते तरी सांगा,” हा त्यांचा प्रश्न ऐकून आमच्या पोटात कालवले.

वर्गशिक्षिका बाई मूळच्या सासष्टीच्या. त्यांनी उत्तर लगेच दिले नाही. वही उघडून त्यांनी चुकलेली सारी उत्तरे वडिलांना दाखविली. बेरीज बरोबर, वजाबाकी बरोबर, चूक तेवढी ऐकलेला अंक लिहिण्यात. “गणित त्याला येते, इंग्रजी ऐकणे येत नाही,” असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी तीन गोष्टी केल्या. फळ्याच्या एका बाजूस त्या दर दिवशी पाच शब्द इंग्रजीत आणि देवनागरीत शेजारी शेजारी लिहू लागल्या. तोंडी उत्तर मराठी, कोंकणी, इंग्रजी, येईल त्या भाषेत चालेल असे त्यांनी जाहीर केले. आणि या दोन मुलांना एका बाकावरून हलवावयाचे नाही असे ठरविले. तिने त्याला इंग्रजी अंक सांगावे, त्याने तिला हिंदीचा धडा वाचून दाखवावा. यासाठी कोणते अनुदान लागले नाही की परिपत्रक निघाले नाही. शिक्षणहक्क कायद्याने २००९ सालीच म्हणून ठेवले आहे की शिक्षणाचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावे. त्यातील ‘शक्यतोवर’ या शब्दात किती मावते, हे त्या बाईंनी आम्हांस दाखविले.

येथे थोडा इतिहास सांगावासा वाटतो, कारण तो फोंड्याचाच आहे. १६८३ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द आल्वोर याने फोंड्याच्या किल्ल्यास वेढा दिला. संभाजी महाराज मदतीस धावून आले आणि व्हाइसरॉयला माघार घ्यावी लागली. त्याच व्हाइसरॉयने पुढल्याच वर्षी, जून १६८४ मध्ये, फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. किल्ला त्याच्या हाती लागला नाही आणि भाषाही सुटली नाही. तीन वर्षांच्या मुदतीने कोणाची जीभ बदलत नसते. आणि आम्ही पाचवीच्या मुलास किती मुदत देतो? पहिल्या घटक चाचणीपर्यंतची!

याच्या उलट उदाहरणही याच भूमीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडचे जेझुइट १५७९ साली गोव्यात आले, तेव्हा येथल्या भाषेचे एक अक्षर त्यांना येत नव्हते. म्हणजे तेही एका अर्थी पाचवीतच बसले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ राचोल येथे छापून निघाले ते १६१६ साली. मध्ये सदतीस वर्षे गेली. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो मराठी ग्रंथ छापला गेला रोमी अक्षरांत. म्हणजे भाषा त्या मुलाची आणि लिपी त्या मुलीच्या प्रार्थनापुस्तकाची! एका बाकावर या दोघांनी बसावे ही गोष्ट गोव्यात चारशे वर्षांची जुनी आहे, असे आम्ही बाईंना म्हटले, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, “मग त्या पाद्रींना सांगा, मला एकाच वर्षात पोर्शन पुरा करावयाचा आहे!”

तिसरी भेट फेब्रुवारीअखेरची. रानात काजू पिकू लागले होते. शास्त्राच्या तासाला फळ आणि बी यांचा धडा चालू असता तो मुलगा हात वर करून उभा राहिला. साऱ्या वर्षात आपणहून पहिल्यांदाच, असे बाईंनी नंतर सांगितले. निम्म्या इंग्रजीत आणि निम्म्या मराठीत त्याने विचारले की सगळ्या फळांची बी आत असते, मग काजूची बी बोंडूच्या बाहेर का? क्रियापद चुकले होते. मागच्या बाकावरून कोणी हसले नाही. बाईंनी सांगितले की आपण ज्याला फळ समजून खातो, तो रसाळ बोंडू म्हणजे फुगलेला देठ. खरे फळ बाहेर लोंबते तेच, आणि बी त्याच्या आत. मुलगा थोडा वेळ उभाच राहिला. मग म्हणाला, “म्हणजे आम्ही फळ विकतो आणि देठ खातो?” आता मात्र सारा वर्ग हसला, आणि तोही हसला.

निकाल सांगितल्यावाचून वृत्त पुरे होत नाही. मुलगा पाचवी पास झाला. गणितात चांगले गुण, इंग्रजीत जेमतेम. मुलगी हिंदीत पास झाली, पण देवनागरी अजून सावकाश वाचते. चमत्कार काही झाला नाही. त्यातच नवे वर्ष उजाडले ते नेहमीपेक्षा लवकर. एप्रिल २०२५ मध्ये गोव्यात सहावी ते दहावीचे वर्ग प्रथमच जूनची वाट न पाहता सुरू झाले. काजू वेचण्याच्या दिवसांत दोघेही नव्या वर्गात जाऊन बसली, आणि याविषयी त्यांचे मत विचारावयास आम्ही धजलो नाही.

आमच्या वाचक कुटुंबांत दर वर्षी कोणी ना कोणी पाचवीचा उंबरठा ओलांडत असेल. त्यांच्या आईवडिलांस एक विनंती आहे. पहिली चाचणी घरी आली की गुण पाहण्याआधी चुका पाहाव्यात. न येणे आणि न समजणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर वहीत स्पष्ट दिसते. घरी मराठी पुस्तक वाचणे त्या वर्षी बंद करू नये; उलट वाढवावे, कारण ज्या भाषेत मूल हुशार आहे तिचाच आधार त्यास पैलतीरी नेणार आहे. आणि शेरेपुस्तकात ‘शांत’ असे लिहून आले, तर आनंद मानण्यापूर्वी मुलाशी एकदा बोलावे.

आमचे वडील तसे बोलले होते, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करून हा मजकूर येथे थांबवितो.