बेलवलकरांना नियतीने बुडवले नाही



'नटसम्राट'मधील गणपतराव ऊर्फ आप्पासाहेब बेलवलकर नियतीचे बळी आहेत, हे मागील अंकातील पत्रलेखकांचे मत पटले नाही. ग्रीक शोकांतिकेतील इडिपसच्या माथी जन्माआधीच भाकीत मारलेले होते. शिरवाडकरांच्या या १९७० सालच्या नाटकात असे कोणतेही भाकीत नाही. पत्नी कावेरीने सावध करूनही आप्पासाहेब होते-नव्हते ते मुलांना वाटून टाकतात. निर्णय त्यांचा, पुढची निष्ठुरता मुलांची. यात नियतीचा हात कुठे?

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर हा शब्द जपूनच वापरावा. कोरडवाहू कपाशी, कर्ज आणि पडलेले भाव यांनी खचलेल्या शेतकऱ्याच्या आत्महत्येलाही लोक नशीबच म्हणतात, आणि धोरणे ठरवणारे नामानिराळे राहतात. नशिबाला बोल लावण्याआधी निर्णय कोणाचा होता, हे विचारावे.

– एक नाट्यरसिक, यवतमाळ