वाफेचं मशीन 'फूड ग्रेड' आहे, म्हणून काय झालं?



गेल्या महिन्यात साताऱ्याच्या दवाखान्यात एक आजी कापडी पिशवीतून वाफेचं मशीन घेऊनच आल्या. टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "डॉक्टर, याचं तोंड बघा कसं वाकडं झालंय. गरम वाफेनं प्लास्टिक वितळून नातवाच्या पोटात जात असेल का हो? दुकानदार म्हणाला, आजी काळजी करू नका, फूड ग्रेड आहे."

खोक्यावरही तेच छापलेलं होतं. फूड ग्रेड. हीट प्रूफ. लहान मुलांसाठी सुरक्षित.

हे मशीन तुमच्याही घरात असणार. कोणी त्याला स्टीमर म्हणतं, कोणी व्हेपोरायझर. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, 2021 साली, आपल्या सातारा-सांगलीतून साथ लवकर हटायला तयार नव्हती, तेव्हा ज्याच्या घरी नव्हतं त्यानंही आणलं. तेव्हापासून ते कपाटात आहे आणि पोराला शिंक आली की बाहेर येतं. आजींना मी काय उत्तर दिलं ते सांगतो. त्या खोक्यावरच्या शब्दांचा मला एवढा राग का येतो, तेही सांगतो.

आधी प्लास्टिकचं बघू, कारण प्रश्न रास्त आहे. या मशीनचं तोंड, म्हणजे नाका-तोंडाशी धरायची नळी किंवा कप, बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचं किंवा एबीएसचं असतं. पॉलिप्रॉपिलीन साधारण 160 अंश सेल्सियसला वितळतं. एबीएस शंभरच्या थोडं वर, 105 च्या आसपास मऊ पडायला लागतं. स्वस्त पॉलिस्टायरीन शंभरच्या आसपासच मान टाकतं. लवचिक पीव्हीसीची नळी तर त्याआधीच लिबलिबीत होते. सिलिकॉन 200 अंशांपर्यंत आरामात टिकतं. उघड्या भांड्यातली वाफ शंभराच्या वर जात नाही, महाबळेश्वरला तर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचं तोंड वाफेनं वितळणार नाही. तळाला त्रिकोणात 5 हा आकडा असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन. आजींच्या मशीनवर कसलाच आकडा नव्हता, आणि तोंड वाकडं झालं होतं, म्हणजे माल हलका होता. फेकून द्या म्हटलं.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. निलगिरीचं तेल, ओव्याचा अर्क किंवा बाम थेट मशीनच्या पाण्यात टाकला, तर पॉलिस्टायरीन आणि एबीएससारख्या प्लास्टिकला ती तेलं खातात. पृष्ठभाग चिकट होतो, बारीक तडे जातात. त्यात उष्णता असली की काम आणखी लवकर होतं. आजी रोज निलगिरी टाकत होत्या. तोंड वाकडं व्हायचं अर्धं कारण तिथेच सापडलं.

इथपर्यंत 'फूड ग्रेड'चा प्रश्न. 'फूड ग्रेड' याचा अर्थ एवढाच, की त्या प्लास्टिकमधून अन्नात ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त काही उतरत नाही. ते प्लास्टिक तुमच्या पोराला भाजणार नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खोकं पहिल्याचं उत्तर देतं आणि दुसऱ्याचं दिल्यासारखं भासवतं. माझं भांडण याच्याशी आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवड्यातून दोन दिवस सांगलीला बसतो. चार वर्षांचा एक मुलगा, सर्दी, नाक बंद, छाती स्वच्छ. मी चिठ्ठीवर नेहमीच्या सवयीनं लिहिलं, 'वाफ, दिवसातून 3 वेळा'. आई-वडिलांनी येताना वाटेत मशीन घेतलं. दुसऱ्या दिवशी रात्री पोराला मांडीवर घेऊन वाफ देत होते. पोरानं मान झटकली, नळी ओढली, झाकण निघालं आणि उकळतं पाणी हनुवटी, गळा, छातीवर सांडलं. जखम खोल होती. गळ्यावर त्वचारोपण करावं लागलं. पुढे ती आई मला भेटायला आली तेव्हा ओरडली नाही. तिनं घडी पडलेली चिठ्ठी पुढे केली आणि एवढंच विचारलं, "सर, तुम्हीच लिहिलं होतंत ना?"

मशीनही तिनं आणलं होतं. तोंडाला काहीही झालं नव्हतं. उत्तम दर्जाचं प्लास्टिक होतं, एक चरा नव्हता.

त्या दिवशी मी मशीन उघडून नीट पाहिलं. आधीच पाहायला हवं होतं. तुम्हीही आज प्लग काढून, थंड असताना उघडून पाहा. बहुतेक स्वस्त मशीनमध्ये गिझरसारखी बंदिस्त कॉइल नसते. दोन धातूच्या पट्ट्या असतात आणि त्या थेट पाण्यात बुडतात. वीज एका पट्टीतून पाण्यात शिरते आणि दुसरीतून बाहेर पडते, त्यानं पाणी तापतं. म्हणजे मशीन चालू असताना आतलं पाणी 230 व्होल्टच्या संपर्कात असतं. चालू मशीनमध्ये बोट घालून 'तापलं का' बघणारी माणसं मी पाहिली आहेत. सांडलेल्या पाण्यानं भाजतं, शिवाय शॉकही लागू शकतो.

आता यात आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या पाण्याचा खेळ येतो. शुद्ध पाण्यातून वीज नीट जात नाही, क्षार लागतात. सातारा शहरात कासचं पाणी येतं. पठारावर साठलेलं पावसाचं पाणी, क्षार कमी. तिथे मशीन लवकर तापत नाही, मग पत्रकात लिहिलेलं 'चिमूटभर मीठ' टाकतात. चिमटीनं नाही झालं की चमचाभर. इकडे मिरज, वाळवा, पलूस भागात उसाला वर्षानुवर्षं पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या. बोअरचं पाणी मचूळ. त्यात मीठ टाकायची गरजच नसते, तरी पत्रकात आहे म्हणून टाकतात. क्षार दुप्पट झाले की वीजही जवळजवळ दुप्पट वाहते. पाणी उकळायच्या ऐवजी उसळतं आणि नळीतून वाफेबरोबर उकळते थेंब थुंकल्यासारखे बाहेर येतात. तोंडाशी नळी धरलेल्या माणसाच्या ओठावर, जिभेवर, नाकात. 'कधी नीट वाफ येते, कधी थेंब उडतात, मशीन खराब आहे का' असं तुम्ही विचारता ना? मशीन तसंच आहे, पाणी बदललं.

आणि खुद्द वाफेचं काय? लोकांना वाटतं वाफ म्हणजे हवाच, पाण्यापेक्षा मवाळ. हिशोब करून बघा. 100 अंशांचं एक ग्रॅम पाणी तुमच्या कातडीवर पडून 37 अंशांपर्यंत निवलं, तर ते 63 कॅलरी उष्णता देतं. 100 अंशांच्या एक ग्रॅम वाफेचं कातडीवर पाणी झालं, तर त्या पाणी होण्यातच 540 कॅलरी सुटतात, वर त्या 63 आहेतच. कातडी किती सोसते याचे प्रयोग मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी 1947 साली प्रसिद्ध केले. 60 अंशांना साधारण पाच सेकंदांत खोल भाजतं, 70 अंशांना एका सेकंदात. तेही मोठ्या माणसाच्या कातडीचं गणित. लहान मुलाची कातडी पातळ असते.

इथे तोंडाचं साहित्य पुन्हा आडवं येतं, पण उलट्या बाजूनं. प्लास्टिकमधून उष्णता सावकाश जाते. नळी बाहेरून कोमट लागते, म्हणून आई हात लावून म्हणते 'फार गरम नाही', आणि आतून नव्वद अंशांची वाफ जात असते. काही जण 'प्लास्टिक नको' म्हणून स्टीलची नळी बसवतात. स्टील चटकन तापतं आणि ओठाला चटका देतं. सिलिकॉन मऊ, टिकाऊ, पण वाफ तीच. साहित्य कुठलंही घ्या, नळी आखूड आणि अरुंद असेल तर वाफ निवायला जागाच मिळत नाही. रुंद कप, चेहऱ्यापासून वीतभर लांब, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. तोंडात धरून ओढायची नळी मी कुणालाच सांगत नाही, मोठ्यांनाही नाही.

थोडं विषयांतर. सांगलीच्या एका कॉलेजच्या मुलानं मला दबक्या आवाजात विचारलं, "सर, व्हेपला काचेचं माउथपीस बरं की सिलिकॉनचं?" त्यालाही हेच सांगितलं. काच, सिरॅमिक, सिलिकॉन, तिन्ही त्या उष्णतेला टिकतात. पण आतली कॉइल 200 अंशांच्या वर तापते, त्यावर ग्लिसरीन आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल तुटून फॉर्माल्डिहाइड, अॅक्रोलिनसारखे विषारी पदार्थ तयार होतात, आणि ते चकचकीत काचेतूनच तुझ्या फुप्फुसात जातात. शिवाय 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. चोरून विकणारा 'मेडिकल ग्रेड' म्हणाला तर ते तपासणार कोण? मुलगा हसला. सोडलं की नाही माहीत नाही. पण बघा, घरातल्या मशीनच्या खोक्यावर आणि चोरट्या व्हेपच्या डबीवर भूल एकच आहे. नळी चांगली म्हणजे तिच्यातून येणारं चांगलं.

आता आमच्या बाजूचं. वाफेचा उपयोग काय? मोठ्या माणसाला नाक थोडा वेळ मोकळं झाल्यासारखं वाटतं, ते खोटं नाही. मलाही बरं वाटतं. पण सर्दी लवकर बरी होते का? चंडीगडच्या पीजीआयमधल्या डॉ. मीनू सिंग आणि सहकाऱ्यांनी कॉक्रेनसाठी सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले. गरम दमट हवेचा ठोस फायदा सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष निघाला. करोनाच्या विषाणूवर वाफेचा इलाज नव्हताच. उलट 2020 साली बर्मिंगहॅमच्या बाल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लॅन्सेटला कळवलं, की वाफ घेताना भाजलेली मुलं त्यांच्याकडे एकाएकी कितीतरी पटींनी वाढली.  फायदा डळमळीत, धोका पक्का, आणि तरीही आम्ही डॉक्टर लोक चिठ्ठीच्या शेवटी 'वाफ' लिहितो. का? कारण अँटिबायोटिक द्यायचं नसतं आणि रुग्णाला काहीतरी दिल्याचं समाधान हवं असतं. माझ्या व्यवसायबंधूंना राग आला तर येऊ दे. मी वीस-बावीस वर्षं तेच केलं आहे.

पाच वर्षांखालच्या मुलाला यंत्राची वाफ नको. मी लिहीत नाही, आणि दुसऱ्या कोणी लिहिली असेल तर 'कशासाठी?' असं जरूर विचारा. नाकात सलाईनचे थेंब, पुरेसं पाणी आणि पेज, वर्षावरच्या मुलाला झोपताना चमचाभर मध. वर्षाखाली मध नाही. कापूर, बाम वाफेत टाकून तान्ह्याला देणं तर अजिबात नको, कापरानं लहान मुलांना झटके येऊ शकतात.

आणि नेब्युलायझर वेगळा, बरं का. आपण दोन्हीला 'वाफ'च म्हणतो आणि घोटाळा होतो. नेब्युलायझरमधून औषधाचे थंड तुषार येतात. दम्याच्या औषधाची कुपी वाफेच्या मशीनमध्ये ओतून उकळणारे पालक मला भेटले आहेत. ते औषध वाफेबरोबर वर येत नाही, तळाशी राहतं. पोराचा दम तसाच, वर गरम वाफेनं खोकला वाढतो.

बनवणाऱ्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. झाकण फिरवून अडकणारं हवं, कलंडलं तर पाणी सांडू नये. पाण्यात उघड्या पट्ट्या नकोत. पाणी संपलं की आपोआप बंद व्हावं. विजेच्या घरगुती उपकरणांसाठी आपल्याकडे आयएस 302 हे मानक आहे, त्याचा क्रमांक खोक्यावर दिसू द्या. आणि 'फूड ग्रेड' छापायला जागा आहे, तर तोंडाशी वाफ किती अंशांची येते, ते शेजारी छापा. मग 'लहान मुलांसाठी सुरक्षित' ही ओळ तुमचीच तुम्हाला खोडावी लागेल.

भाजलंच तर: आधी प्लग काढा. ओले गरम कपडे काढा, चिकटले असतील तर ओढू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, घड्याळ लावून. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको. सांगलीची हळद जगात नावाजलेली आहे, पण ती जखमेवर टाकू नका. आम्हाला जखम किती खोल आहे ते दिसत नाही आणि ती धुताना पोर किंचाळतं. स्वच्छ कापड सैलसर झाका आणि दवाखाना गाठा. आवाज घोगरा झाला, लाळ गळायला लागली, श्वासाला घरघर आली, तर वाफ घशात पोचली आहे असं समजून 108 ला फोन करा.

आजींचं मशीन त्यांनी माझ्याकडेच ठेवलं. नातवाला सलाईनचे थेंब दिले. चौथ्या दिवशी फोन आला, नाक अजून वाहतंय पण शाळेत गेला.