करमुक्तीचे कवच आणि कुटुंबाची पुंजी

'करमुक्त' या शब्दाचे मध्यमवर्गीय माणसाला मोठे आकर्षण असते आणि ते स्वाभाविकही आहे. वर्षभर काटकसर करून बाजूला टाकलेल्या रकमेवर व्याज मिळावे आणि त्या व्याजातून सरकारने वाटा मागू नये, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. तथापि या शब्दाच्या पोटी एक गैरसमजही हळूच घरात शिरतो. सरकारने ज्यावर कर माफ केला, ती गोष्ट सरकारने पारखून घेतलेली असणार आणि म्हणून ती सुरक्षितही असणार, असा तो समज. हा समज किती महाग पडू शकतो, याचा धडा ब्रिटनमधील हजारो कुटुंबांनी गेल्या दशकात घेतला आहे. ज्यांची मुले-सुना, लेकी-जावई आज त्या देशात नोकरीनिमित्त स्थायिक आहेत, अशा मराठी घरांनी तो धडा समजून घेण्याजोगा आहे.

ब्रिटनमध्ये १९९९ साली 'इंडिव्हिज्युअल सेव्हिंग्ज अकाउंट', म्हणजेच 'आयसा' हे करमुक्त बचत खाते सुरू झाले. या खात्यातील पैशावर मिळणारे व्याज, लाभांश वा भांडवली नफा यांवर कर नाही. प्रत्येक प्रौढ रहिवाशाला वर्षाला ठरावीक रक्कम त्यात भरता येते; २०१७ पासून ही मर्यादा २० हजार पौंड आहे. बँकेतील ठेव आणि शेअर बाजारातील गुंतवणूक असे त्याचे दोन मुख्य प्रकार. सामान्य ब्रिटिश कुटुंबाच्या मनात या नावाला जी विश्वासार्हता लाभली, ती भारतीय कुटुंबातील भविष्य निर्वाह निधीच्या खात्यासारखीच म्हणावी लागेल.

दुसरीकडे, २००५ साली 'झोपा' या कंपनीने त्याच देशात एक नवा प्रकार आणला. बँकेला मध्ये न घेता एका नागरिकाने दुसऱ्याला परस्पर कर्ज द्यायचे. 'पीअर टू पीअर' या नावाने तो जगभर ओळखला जाऊ लागला. कंपनी केवळ मध्यस्थ. ती कर्जदार शोधणार, त्याची पत तपासणार, हप्ते गोळा करणार आणि आपले शुल्क घेणार. पैसा मात्र बचतदाराचा आणि बुडाला तर तोटाही त्याचाच. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर बँकांवरील विश्वास डळमळला होता. २००९ च्या मार्चमध्ये बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर अर्ध्या टक्क्यावर आला आणि ठेवींवरील व्याज नाममात्र उरले. अशा वेळी पाच-सहा टक्के, कुठे त्याहूनही अधिक परतावा दाखवणारा हा मार्ग लोकांना मोहवू लागला, यात नवल नाही.

या दोन प्रवाहांचा संगम ६ एप्रिल २०१६ रोजी झाला. तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांच्या धोरणानुसार 'इनोव्हेटिव्ह फायनान्स आयसा' हा तिसरा प्रकार अस्तित्वात आला आणि परस्पर कर्जावरील व्याजही करमुक्त खात्यात घेता येऊ लागले. हेतू वाईट नव्हता. लहान उद्योगांना भांडवल मिळावे आणि बचतदाराला चार पैसे अधिक मिळावेत, असा विचार त्यामागे होता. परंतु परिणाम असा झाला की अनोळखी माणसाला दिलेल्या कर्जावर 'आयसा' हे घरोघरी परिचित नाव झळकू लागले. जोखीम तीच राहिली. तिच्यावरचे वेष्टन तेवढे बदलले.

सवलतीचा हिशेब

वस्तुतः या सवलतीचा लाभ कोणाला आणि किती, हे साधे गणित मांडले तरी पुष्कळ काही स्पष्ट होते. त्याच दिवशी, ६ एप्रिल २०१६ पासूनच, ब्रिटनमध्ये आणखी एक तरतूद लागू झाली. मूळ दराने कर भरणाऱ्या व्यक्तीला वर्षाला एक हजार पौंडांपर्यंतचे व्याज कोणत्याही विशेष खात्याविना करमुक्त झाले. वरच्या, म्हणजे ४० टक्के दराच्या करदात्यासाठी ही मर्यादा ५०० पौंड ठेवण्यात आली. आता २० हजार पौंड पाच टक्क्यांनी कर्जाऊ दिले तर वर्षाचे व्याज एक हजार पौंड होते. दुसरे व्याज नसलेल्या सामान्य पगारदाराला एवढ्या व्याजावर कर द्यावा लागतच नव्हता! म्हणजे ज्याला या योजनेची भुरळ पडली, त्यातील अनेकांना ती घेऊन कराच्या दृष्टीने काहीच मिळणार नव्हते. वरच्या दराच्या करदात्याचे दोनशे पौंड वाचत होते, हे खरे. पण दोनशे पौंड म्हणजे मुद्दलाचा एक टक्का. शंभरातले एक कर्ज बुडाले, तरी ती सारी बचत बुडाल्यासारखीच.

एवढ्यावरही गोष्ट संपत नाही. करमुक्त खात्याबाहेर दिलेले परस्पर कर्ज बुडाले, तर तो तोटा अशाच इतर कर्जांच्या व्याजातून वजा करण्याची सोय ब्रिटिश कायद्यात आहे. खात्याच्या आत मात्र नफ्यावर कर नाही, म्हणून तोट्याचीही दखल नाही. शिवाय बँक बुडाल्यास ठेवीदाराला भरपाई देणारी जी योजना तेथे आहे, तिचे संरक्षण या कर्जांच्या बुडीताला नाही. कवच होते ते केवळ करापासून. बुडणाऱ्या कर्जापासून नव्हे.

बुडीताचे अनुभव

मे २०१९ मध्ये 'लेंडी' ही मालमत्तेच्या तारणावर कर्जे जुळवून देणारी कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. बचतदारांचे सोळा कोटी पौंडांहून अधिक तेव्हा कर्जांत अडकलेले होते आणि त्यातील मोठा भाग थकीत होता. विशेष म्हणजे, आदल्याच वर्षी या कंपनीला नियामक संस्थेची पूर्ण मान्यता मिळाली होती. तारण होते, मान्यता होती. तरीही बचतदाराच्या पदरी प्रतीक्षाच आली.

'लंडन कॅपिटल अँड फायनान्स' या कंपनीचे प्रकरण याहून उद्बोधक आहे. ती परस्पर कर्जाची कंपनी नव्हती. ती स्वतःचे रोखे विकत होती. परंतु त्या रोख्यांची जाहिरात 'आयसा'च्या नावाने केली जात होती. जानेवारी २०१९ मध्ये ती कोसळली, तेव्हा सुमारे ११,६०० लोकांचे जवळपास २३ कोटी ७० लाख पौंड अडकले होते. त्यांत निवृत्तीची पुंजी गुंतवणारे कितीतरी होते. पुढे निष्पन्न झाले ते असे, की हे रोखे करमुक्त खात्यास पात्रच नव्हते. अखेर सरकारला विशेष योजना आणून, काही मर्यादेपर्यंत, ८० टक्के भरपाई देणे भाग पडले. अशी भरपाई हा अपवाद. त्यावर विसंबून कोणी घराचे नियोजन करू नये.

अर्थात न्यायाची बाजूही मांडली पाहिजे. सर्वच कंपन्या बुडाल्या नाहीत. 'झोपा' आणि 'रेटसेटर' यांनी हा व्यवसाय आवरता घेताना बचतदारांची शिल्लक कर्जे विकत घेण्यात आली आणि त्यांचे पैसे परत मिळाले. पण २०२१-२२ पर्यंत या दोघी आणि 'फंडिंग सर्कल' अशा तिन्ही अग्रणी कंपन्यांनी सामान्य बचतदाराचे दार बंद केले, ही वस्तुस्थिती बोलकी आहे. नियामकानेही डिसेंबर २०१९ पासून दंडक घातला की, नवख्या गुंतवणूकदाराने गुंतवणूकयोग्य पैशाच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम या प्रकारात घालू नये.

कायद्याने काय वगळले?

कुटुंबाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण बाब निराळीच आहे. ब्रिटनमध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून 'ज्युनिअर आयसा' आहे. त्यात आई-वडील, आजी-आजोबा मिळून वर्षाला ९ हजार पौंडांपर्यंत भरू शकतात आणि ती रक्कम मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याचीच होते. मात्र या खात्यात फक्त ठेव किंवा शेअर बाजारातील गुंतवणूक ठेवता येते. परस्पर कर्जाचा प्रकार मुलांसाठी काढलाच गेला नाही. प्रौढाला जी मुभा दिली, ती मुलाच्या पैशाबाबत दिली नाही. जो पैसा मुलाच्या शिक्षणासाठी वा आई-वडिलांच्या आजारपणासाठी राखलेला आहे, तो कोणाच्याही नावावर असो, मुलाच्या पैशासारखाच जपला पाहिजे, हा बोध घराघरांनी यातून घ्यावा.

हा प्रश्न जुना झाला असेही नाही. एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालील व्यक्तीला आयसातील ठेवीसाठी वर्षाला १२ हजार पौंडांचीच मर्यादा राहील, असे ब्रिटनच्या नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकात जाहीर झाले. २० हजारांची संपूर्ण मर्यादा वापरू पाहणाऱ्याला उरलेले ८ हजार पौंड गुंतवणुकीकडेच वळवावे लागतील. अधिक परताव्याचे नवे प्रलोभन अशाच वेळी दाराशी येते.

तेथील मराठी कुटुंबांनी आणखी एक पथ्य सांभाळावे. करमुक्ती ही देशाच्या सीमेपाशी थांबते. आयसातील उत्पन्न ब्रिटनमध्ये करमुक्त असले, तरी भारतात परतून पूर्णार्थाने निवासी झालेल्या व्यक्तीला भारताचा प्राप्तिकर त्यावर लागू होतो. उलट पीपीएफचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी ब्रिटनच्या कायद्यात त्याला तशी खास सूट नाही. नवागतांना पहिल्या चार वर्षांत परदेशी उत्पन्नावर मिळू शकणारी सवलत तेवढी वेगळी.

भारतात परस्पर कर्जाला करमुक्त खात्याचे वेष्टन नाही. त्यावरील व्याज नेहमीच्या दराने करपात्रच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१७ मध्ये या मध्यस्थ कंपन्यांसाठी नियम केले. एका कर्जदाराला एका व्यक्तीने ५० हजार रुपयांहून अधिक देऊ नये, कर्जाची मुदत ३६ महिन्यांहून अधिक नसावी, असे त्यांचे स्वरूप आहे. तरीही काही ठिकाणी हा व्यवहार मुदत ठेवीसारखा, हवा तेव्हा पैसे काढता येतील असे सांगून विकला जाऊ लागला. म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये बँकेला नियम कडक करून बजावावे लागले, की खात्रीच्या परताव्याची वा हमखास रोखतेची गुंतवणूक म्हणून त्याची जाहिरात करता येणार नाही.

महाराष्ट्रातील गल्लोगल्ली चालणारी भिशी हेही एका अर्थाने परस्पर कर्जच. तीही बुडते, हे कटू सत्य आहे. परंतु भिशीत पैसे उचलणारा माणूस रोज समोर दिसतो. त्याच्या घरातील लग्नकार्य, आजारपण, धंद्याची चढउतार सर्वांना ठाऊक असते. संगणकाच्या पडद्यावरील परस्पर कर्जात 'परस्पर' हा शब्द उरतो आणि परिचय निघून जातो. त्या परिचयाची जागा करसवलतीचा शिक्का भरून काढू शकत नाही.

तेव्हा कोणतीही करमुक्त योजना समोर आली की घरातील कर्त्या माणसांनी कराचा विचार शेवटी करावा. पैसा नेमका कोणाकडे जाणार, तो परत न आल्यास तोटा कोणाचा, गरजेच्या दिवशी तो हाती येईल का, हे प्रश्न आधी विचारावेत. आणि पती-पत्नी दोघांच्याही खात्यांचा पैसा एकाच जागी गुंतवू नये. उत्तरे पटली तर करमुक्ती हा जोडलाभ समजावा. ती न पटता केवळ कर वाचतो म्हणून पाऊल टाकणे, म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे होय.