वर्ष तरुणांचे, नेतृत्व कोणाचे?

शिक्षणात एक वर्ष खंड पडला, की पुढच्या प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याला 'गॅप सर्टिफिकेट' जोडावे लागते. ते वर्ष कोठे गेले, या काळात अन्यत्र प्रवेश घेतला नव्हता ना, याचे शपथपत्र करून द्यायचे. वर्ष आजारपणात गेले काय, 'नीट'च्या तयारीत गेले काय किंवा मेळघाटातल्या शाळेत शिकवण्यात गेले काय, कागद एकच. घरातली भाषाही त्याहून फारशी वेगळी नसते. मुलाने नोकरीच्या आधी वर्षभर एखाद्या संस्थेत काम करायचे ठरवले, तर नातेवाइकांच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'वर्ष वाया' हाच.

तरीही गेल्या दोन दशकांत असे वर्ष देणाऱ्या तरुणांची वाट बरीच रुंदावली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. गडचिरोलीच्या शोधग्रामातील शिबिरांतून बाहेर पडलेल्या युवकांपैकी काहींनी 'कर के देखो' या फेलोशिपद्वारे वर्षभर प्रत्यक्ष काम केले. २००९ पासून 'टीच फॉर इंडिया'ने मुंबई-पुण्यातील शाळांत पदवीधरांना दोन वर्षांसाठी पाठवण्यास प्रारंभ केला. राज्य सरकारने २०१५ मध्ये 'मुख्यमंत्री फेलोशिप' आणली. या सर्व उपक्रमांच्या माहितीपत्रकांत 'नेतृत्व' हा शब्द हमखास आढळतो. ते नेतृत्व कोणाचे आणि कोठले, हे मात्र सहसा तेथे लिहिलेले नसते.

वर्ष देणाऱ्याला त्याचा लाभ होतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तालुक्याच्या कचेरीत फाइल कशी अडते, ग्रामसभेत कोण बोलतो आणि कोण भिंतीला टेकून गप्प बसतो, हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही. वर्षानंतर हा तरुण अधिक शहाणा होऊन परततो, स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीत त्याला सांगण्यासारखे काही असते. पण तो परततो. त्याच्या जागी दुसरा येतो आणि गाव त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळे समजावून सांगते. गावाच्या दृष्टीने ही योजना म्हणजे दरवर्षी नवा पाहुणा.

हा पेच नवा नाही. चंपारण्यातील नीळ उत्पादकांविरुद्धच्या लढ्यात १९१७ मध्ये गांधीजींनी तेथील खेड्यांत शाळा काढल्या. बरहरवा, भितिहरवा आणि मधुबन येथील या शाळांसाठी स्वयंसेवक हवे होते आणि त्यांतील बरेच महाराष्ट्र व गुजरातमधून आले. मुंबईहून अवंतिकाबाई गोखले गेल्या, पुण्याहून आनंदीबाई वैशंपायन गेल्या. शिकवणे, स्वच्छता, औषधे अशी तिहेरी कामगिरी त्यांनी अंगावर घेतली. काम चोख झाले. टिकले मात्र नाही. गांधीजींनीच आत्मकथेत त्याची कारणे नोंदवून ठेवली आहेत. स्वयंसेवक ठरावीक मुदतीपुरते आलेले होते, बाहेरून आणखी मिळणे अवघड होते आणि कायमचे काम करणारे बिहारमध्ये सापडले नाहीत. इतक्या मोठ्या नेत्याच्या पाठबळावर उभे राहिलेले काम जर मुदत संपताच विरले, तर आजच्या एखाद्या संस्थेच्या वार्षिक तुकडीकडून अधिक अपेक्षा कशी बाळगायची?

याच्या नेमके उलटे चित्र गडचिरोली जिल्ह्यातच पाहावयास मिळते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात देवाजी तोफा यांच्यासारखे गावातलेच नेतृत्व पुढे आले. त्यांच्यासोबत होते मोहन हिराबाई हिरालाल, जयप्रकाश नारायण यांच्या चळवळीतून घडलेले कार्यकर्ते. जयप्रकाशांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांकडे एक वर्षच मागितले होते; कॉलेज सोडून वर्षभर चळवळीत या, असे त्यांचे आवाहन होते. त्या हाकेला प्रतिसाद देणारे बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांनी आपापल्या मार्गाला लागले. मोहनभाऊ या भागात दशकानुदशके राहिले. त्यांनी गावाचे पुढारीपण स्वीकारले नाही, हे अधिक महत्त्वाचे. अभ्यासगट बसायचा, माहिती गोळा व्हायची आणि निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घ्यायची. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हाती दिला. हे काम एका वर्षाच्या मापात बसणारे नव्हते.

बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेचा अनुभवही याच दिशेचा आहे. नवजात बालकांचे मृत्यू रोखण्यासाठी ३९ गावांत त्यांनी बाहेरचे डॉक्टर नव्हे, तर गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या स्त्रिया 'आरोग्यदूत' म्हणून तयार केल्या. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून 'आशां'मार्फत ही पद्धत देशभर नेण्यात आली. मध्यरात्री बाळंतिणीच्या घरी पोहोचणारी बाई त्याच गावची होती, म्हणूनच हे शक्य झाले.

असे असताना सरकारी पैसा कोणाच्या वर्षावर खर्च होतो, तेही पाहावे. मुख्यमंत्री फेलोशिप २०२३ मध्ये नव्याने सुरू झाली, तेव्हा निवडक ६० जणांसाठी प्रवासखर्चासह दरमहा ७५ हजार रुपये ठरवण्यात आले. दुसरीकडे, नेहरू युवा केंद्रांच्या राष्ट्रीय युवा स्वयंसेवक योजनेत तालुक्यातल्याच दहावी उत्तीर्ण तरुणाला मानधन होते दरमहा ५ हजार. शिक्षण, कामाचे स्वरूप, निवडीची कसोटी यांत फरक आहे, हे मान्य. पण पंधरा पटींची ही तफावत धोरणकर्त्यांच्या मनातील प्रतवारी पुरेशी स्पष्ट करते. बाहेरून येणारा 'फेलो', गावातला 'स्वयंसेवक'.

स्थानिक तरुणाला सामावून घेण्याचा मोठा प्रयत्न २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत झाला. सहा महिने, शिक्षणानुसार ६ ते १० हजार रुपये विद्यावेतन. पुढे मुदत ११ महिन्यांपर्यंत वाढली. ग्रामपंचायती, शाळा, सरकारी कार्यालये येथे हजारो मुले रुजू झाली. मुदत संपत आली तशी 'कायम करा' ही मागणी घेऊन हीच मुले रस्त्यावर आली. त्यांना दोष देता येणार नाही. दाखले, उतारे, योजनांचे अर्ज शिकून घेतलेल्या या मुलांपुढे शिकलेले वापरण्यासाठी नोकरीखेरीज दुसरी कोणतीच जागा दाखवली गेली नव्हती.

त्यात या योजना सत्तेच्या मर्जीवर. राज्यातील सत्तांतरानंतर २०२० मध्ये फेलोशिप गुंडाळली गेली आणि पुन्हा सत्ता बदलल्यावर परत आली. अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या 'अमेरिकॉर्प्स'मध्ये तरुण बहुधा १० ते १२ महिने सेवा देतात. एप्रिल २०२५ मध्ये तिची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने एका फटक्यात रद्द झाली. न्यायालयांच्या आदेशांनंतर त्यातील काही पुन्हा सुरू करावी लागली. नायजेरियात १९७३ पासून पदवीधरांना वर्षभराची राष्ट्रीय सेवा सक्तीची आहे आणि ती टिकलीही आहे. परंतु यादवी युद्धानंतर देश सांधण्यासाठी आखलेल्या या योजनेत तरुणाला मुद्दाम आपल्या राज्याबाहेर पाठवतात. स्थानिक नेतृत्व घडवणे हा तिचा हेतूच नव्हे.

शहरांची स्थिती खेड्यांहून बरी आहे, असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या तरुणाने वर्षभर आपल्याच वॉर्डात कचरा, पाणी, पालिकेच्या शाळा यांवर काम केले, तर पुढे त्याने बसायचे कोठे? राज्यातील महाविद्यालयांत खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात तरतूद होऊनही त्या प्रत्यक्षात परतल्या नाहीत. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात गटाराची तक्रार घेऊन जायला नगरसेवकच नव्हता, मग नगरसेवक होऊ पाहणाऱ्याने उमेदवारी कोठे करायची? मतदारांच्या क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद राज्याने २००९ मध्येच महापालिका कायद्यांत केली आहे. ग्रामसभेचा हा शहरी अवतार कागदावर आला त्याला दीड दशक उलटले. आपल्या भागात अशी सभा कधी भरल्याचे किती मुंबईकरांना किंवा पुणेकरांना आठवते?