वृद्धांचे दुःख आणि आपली प्रवचने

चातुर्मासात देवळाच्या सभामंडपी कीर्तन ऐकावयास जमलेल्या मंडळींस एक विषय हटकून रुचतो. एकत्र कुटुंब मोडले, सुना नव्या वळणाच्या निघाल्या आणि आईबाप म्हातारपणी पोरके झाले. बुवा श्रावणबाळाचे आख्यान लावतात, पुढे बसलेले वृद्ध डोळे पुसतात, मागे बसलेल्या सुना मान खाली घालतात आणि प्रसाद घेऊन सर्व मंडळी तृप्त मनाने घरी जातात. या प्रवचनांनी एकाही म्हाताऱ्या माणसाचे दुखणे हलके झाले असेल, असे आम्हांस वाटत नाही. उलट ते दुखणे घरात दडवून ठेवण्यास त्यांचा फार मोठा हातभार लागला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रवचनकारांचा आवडता दाखला खेड्याचा. मुंबईचे, पुण्याचे, फार तर इंदूरचे घर मोडले असेल. पण तेच इंदूर सोडून हातोदसारख्या गावी जा, तेथे अजून तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, असे ते सांगतात. हातोद हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण. अशा गावातील चूल एक आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु शहराच्या सावलीतल्या गावात घरचा कर्ता मुलगा पहाटे कामासाठी बाहेर पडतो आणि रात्री परततो. समग्र आयडीवर कुटुंब एकत्र असते. दिवसभर घरात असतात ती एक सून, तिची शाळकरी मुले आणि एक म्हातारी. या एकत्रपणाचे पोवाडे गाण्यापूर्वी त्या म्हातारीस कोणी काही विचारले आहे काय?

विचारले आहे. मुंबईस देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली देशभर घरोघर जाऊन ७२,००० हून अधिक माणसांची पाहणी केली. पंचेचाळिशी उलटलेली माणसे हा तिचा मुख्य विषय. नुसते प्रश्न विचारून पाहणारे थांबले नाहीत. त्यांनी रक्तदाब मोजला, दृष्टी तपासली, हाताच्या पकडीचा जोर पाहिला. अहवाल २०२१ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यात साठीवरील माणसांपैकी एकटी राहणारी शेकडा सहाच्या आसपास निघाली. दोन-तृतीयांशांहून अधिक माणसे मुलाबाळांसमवेत राहत होती. म्हणजे ज्या मोडलेल्या घरासाठी आपण दरवर्षी रडतो, ते घर बहुतांशी उभेच आहे.

आणि तरीही सुख नाही. याच पाहणीत विषादाच्या विकाराची लक्षणे ठराविक प्रश्नांनी तपासली, तेव्हा साठीवरील शेकडा आठांहून अधिक माणसांत तो विकार असावा असे दिसले. तो विकार डॉक्टरने ओळखल्याचे सांगणारी माणसे शेकडा एक देखील नव्हती. दहांपैकी नऊ जणांचे दुखणे नावावाचून राहिले! शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण अधिक, आणि मध्यप्रदेशाचा आकडा साऱ्या देशाच्या आकड्याच्या सुमारे दुप्पट. हा आकडा राज्याचा आहे, एकट्या हातोदचा नव्हे, हे खरे. पण खेड्याचा दाखला देणाऱ्यांनी तो आता जरा जपून द्यावा. एकट्या राहणाऱ्यांत विषाद अधिक आढळतो, हेही खरे. परंतु एकटे राहणारे मुळात थोडे. बाकीचे दुःख भरल्या घरात आहे.

ते दिसत का नाही? याचे उत्तर आमच्या कोंकणी वाचकांच्या घराजवळ सापडते. विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या संशोधकांनी गोव्यात वृद्धांविषयी लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. विसरभोळेपणा, उदासी, भ्रम ही लक्षणे लोकांच्या चांगली ओळखीची होती. पण तो रोग आहे असे कोणी मानीत नव्हते. काहींच्या मते ते वय होते. काहींच्या मते ते मुलांनी माया केली नाही म्हणून झाले होते. घरची माणसे वृद्धांचा सांभाळ करतातच, हा आपला डौलही त्या अभ्यासात तितका खरा ठरला नाही.

आता या दोन समजुती शेजारी ठेवून पाहा. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हटले की वैद्याकडे जाण्याचे कारण उरत नाही. मुलांच्या कठोरपणामुळे आई खंगली असे म्हटले, की तिला वैद्याकडे नेणे म्हणजे मुलाने चारचौघांत आपला गुन्हा कबूल करणे! मग कोणता मुलगा नेईल? पाहणीवाला दाराशी आला की तोच पुढे होतो. ‘आईला काय विचारता, मी सांगतो. आमच्याकडे तिला काही कमी नाही.’ आई दाराआडून मान हलवते. ही रीत हातोदची नव्हे, गोव्याची नव्हे. आपल्या सर्वांच्या घरची आहे. साठीवरील स्त्रियांत निम्म्याच्या आसपास विधवा. त्यांना मुलासमोर मुलाविषयी बोलण्याचे बळ कोठून यावे?

याहूनही एक वाईट गोष्ट आहे. म्हातारीचे अन्नावरून मन उडाले, झोप गेली, ती कोणाशी बोलेनाशी झाली, ‘देवा, आता ने’ असे म्हणू लागली, की आपण तिला विरक्त ठरवून नमस्कार करतो. वैराग्याने माणूस शांत होतो. तो रात्र रात्र तळमळत नाही. भक्तांच्या मेळ्यात बसून आपणांस एवढाही भेद कळू नये, याची आम्हांस लाज वाटते.

कोणी म्हणेल, निर्दय मुले नसतातच काय? असतात. पाहणीत साठीवरील शेकडा पाचांच्या आसपास माणसांनी वर्षभरात छळ झाल्याचे सांगितले, आणि अशांसाठी २००७ चा कायदा आहे. त्यांचे काय करावयाचे ते न्यायाधिकरण करील. पण त्यांच्यापायी उरलेल्या साऱ्या सुनांस आरोपीच्या पिंजऱ्यात का उभे करावे? अंथरूण बदलणारी तीच, हाका ऐकणारी तीच, आणि कीर्तनात मान खाली घालणारीही तीच. गोव्यातच भ्रमिष्ट वृद्धांच्या ८१ कुटुंबांत एक प्रयोग झाला. साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या घरी जाऊन सांभाळणाऱ्या माणसास सल्ला व आधार देत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारल्याचे दिसले. बोल लावून ते सुधारले नव्हते.

दुसरा प्रयोग तर आमच्या महाजनमंडळींनी मुखोद्गत करावा. गोव्यातील साठीवरील १८१ माणसे, सर्वांस उदासीची थोडीफार लक्षणे. निम्म्यांस नेहमीचे उपचार. निम्म्यांकडे डॉक्टर नसलेले, परंतु शिकवून तयार केलेले कार्यकर्ते गेले. अडचणी कशा सोडवाव्या, झोप कशी सुधारावी, मधुमेहात काय जपावे, सरकारी मदत कोठे मागावी, एवढेच ते समजावीत. वर्षअखेर पहिल्या गटातील ९० पैकी १३ जणांस पुरता विषाद जडला होता, दुसऱ्या गटातील ९१ पैकी केवळ ४ जणांस. हे २०१९ साली प्रसिद्ध झाले. अशा कामास लागणारी माणसे कोठे आहेत, असे आम्हांस विचारू नका. पालखीच्या वेळी पन्नास स्वयंसेवक उभे करणाऱ्या देवस्थानास दोन शिकाऊ माणसे मिळत नाहीत, हे आम्ही मानणार नाही.

त्यांनी घरी जावे, आणि म्हातारीशी तिच्या मुलासमोर नव्हे, एकटीशी बोलावे. दुखणे वाढलेले दिसले तर हातोदकरांस इंदूरच्या बाणगंगेतील शासकीय मानसिक रुग्णालय दूर नाही. घराबाहेर पडणे ज्यांस जड वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ साली टेलिमानस ही दूरध्वनीवरील सेवा काढली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. सभामंडपात देणगीदारांच्या नावांच्या संगमरवरी पाटीशेजारी तो लिहावयास ज्या देवस्थान समितीची हरकत असेल, तिने ती आम्हांस लेखी कळवावी. आम्ही ती याच पानावर छापू.